टायटॅनियम फॉइलवरच्या नॅनोट्यूब: एक्सआरडीत नुसता धातू दिसतो, आणि बँडगॅप २.७५ खरा मानायचा का?

रानजाई:

नमस्कार. मी भौतिकशास्त्रात पीएचडी करते आहे, दुसरं वर्ष चालू आहे. आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी. लॅबमध्ये डीसी पॉवर सप्लाय, मफल फर्नेस आणि यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर आहे. एक्सआरडी (एक्स-रे टाकून स्फटिक ओळखायची चाचणी) आणि एफई-सेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) बाहेरून करून आणावं लागतं. त्यामुळे सॅम्पल पाठवण्याआधीच नीट विचार करावा म्हणून इथे विचारते.

काम असं आहे: टायटॅनियमवर विजेने त्याच्याच डायऑक्साइडच्या बारीक नळ्या उगवायच्या, म्हणजे ॲनोडायझिंग. पाव मिलिमीटर जाडीची टायटॅनियम फॉइल ॲसिटोन, इथेनॉल आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये सोनिकेट करून घेतली. इलेक्ट्रोलाइट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, त्यात वजनाने ०.३ टक्के अमोनियम फ्लोराइड आणि आकारमानाने २ टक्के पाणी. समोर ग्रॅफाइटची पट्टी, ३० व्होल्ट, अर्धा तास. मग पाण्याने धुऊन, हेअर ड्रायरने वाळवून, झाकण असलेल्या क्रूसिबलमध्ये ठेवून ४५० अंश सेल्सिअसला दोन तास.

सेममध्ये नळ्या सुरेख दिसतात. बाहेरचा व्यास ७० नॅनोमीटरच्या आसपास, लांबी साधारण दीड मायक्रॉन. पण एक्सआरडीत ३५.१, ३८.४ आणि ४०.२ अंशांना टायटॅनियम धातूची उंच पीक्स, आणि २५.३ ला अगदी बारीकसा उंचवटा. फर्नेसमधून काढलेला थर करडा-तपकिरी झालाय आणि कडेला पापुद्रा सुटतो. टॉक प्लॉट (शोषणावरून बँडगॅप काढायचा आलेख) काढला तर बँडगॅप, म्हणजे प्रकाश शोषला जायला लागणारी किमान ऊर्जा, २.७५ इलेक्ट्रॉन व्होल्ट येतो. गाइड सर म्हणतात, गॅप कमी झालाय, म्हणजे दृश्य प्रकाशात काम करणारं मटेरियल मिळालं, पेपर लिहायला घे. मी आजवर वाचलं ते सगळं अनाटेझ (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) म्हणजे ३.२ असंच. काही डोपिंग (दुसऱ्या मूलद्रव्याची मिसळ) केलेलं नसताना गॅप एवढा खाली का यावा, हे मला पटत नाहीये. सरांना काय दाखवलं म्हणजे बोलता येईल?

पेणकर:

अभिनंदन, पहिल्या टप्प्यात नळ्या मिळणं हेच मोठं आहे. २.७५ बद्दल इतकं घाबरू नका. ऑक्सिजन व्हेकन्सी (स्फटिकातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा) तयार झाल्या की गॅप कमी येतो, असे पेपर शेकड्याने आहेत. एक्सपीएस (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं आणि त्यांची अवस्था दाखवणारी चाचणी) करून घ्या, टीआय-थ्री-प्लसचा, म्हणजे ऑक्सिजन कमी पडलेल्या टायटॅनियमचा, खांदा दिसला तर तुमचं काम झालं.

भट्टीवाला:

रानजाई, तुमचा प्रश्न दुपारीच वाचला, पण घाईने लिहायचं नव्हतं. पातळ थर बसवणं आणि भट्ट्या लावणं यातच माझी नोकरी गेली, एक्सआरडीच्या मशिनवरही बरीच वर्षं बसलो. तुमची शंका योग्य आहे. सरांशी भांडायची गरज पडणार नाही, मोजमापंच बोलतील. पण ती कशी घ्यायची हे ठरवून घ्यावं लागेल.

आधी एक्सआरडी. तांब्याच्या ट्यूबमधून निघणारे एक्स-रे घट्ट टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये वीसेक मायक्रॉन जातात, तेव्हा कुठे त्यांची तीव्रता एक तृतीयांशाच्या जवळ येते. तुमचा थर दीड मायक्रॉनचा, तोही पोकळ नळ्यांचा. नेहमीच्या थीटा-टूथीटा स्कॅनमध्ये (किरण आणि डिटेक्टर दोन्हींचा कोन बदलत जातो) किरण तो ओलांडून सरळ फॉइलमध्ये शिरतात आणि फॉइलचंच गाणं गात परत येतात. म्हणजे धातूची पीक्स उंच असणं हा तुमच्या नळ्यांचा दोष नाही. सॅम्पल देताना फॉर्मवर ग्रेझिंग इन्सिडन्स लिहा आणि ऑपरेटरला सांगा की किरणाचा कोन एक अंशावर स्थिर ठेवा, फक्त डिटेक्टर फिरू दे. एका अंशाला किरण तुमच्या थरात अर्ध्या-पाऊण मायक्रॉनपर्यंतच उतरतो, धातूपर्यंत फारसा पोचतच नाही. जमलं तर तोच तुकडा दोन-तीन अंशांवरही घ्यायला सांगा. फॉइल तापवताना धातू आणि ऑक्साइड जिथे भेटतात तिथे खालून नवा ऑक्साइड वाढतो, आणि रुटाइल (त्याच ऑक्साइडचं दुसरं स्फटिकरूप) बहुधा तिथूनच सुरू होतं. कोन वाढवल्यावर २७.४ ला पीक डोकं वर काढायला लागलं तर रुटाइल तळाशी आहे, नळ्यांत नाही, असं म्हणायला आधार मिळतो.

पीक्स ओळखताना एक सांभाळा. अनाटेझचं ३७.८ चं पीक टायटॅनियमच्या ३८.४ ला इतकं चिकटून असतं की त्याच्या जोरावर काहीही सिद्ध करू नये. ५३.९ आणि ५५.१ ची जोडीही धातूच्या ५३ च्या शेजारीच आहे. फॉइलवर भरवशाची दोनच, २५.३ आणि ४८. जेसीपीडीएसचं (पीक्सच्या प्रमाणित यादीचं) २१-१२७२ नंबरचं अनाटेझचं कार्ड समोर ठेवा. ब्रूकाइट या तिसऱ्या स्फटिकरूपाचंही मुख्य पीक २५.३ च्याच जागी येतं, म्हणून ३०.८ ला काही नाही ना, एवढं बघून घ्या.

शेररचं समीकरण (पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढायचं) लावणार असाल तर रुंदी रेडियनमध्ये घ्या आणि मशिनची स्वतःची रुंदी वजा करा. सिलिकॉन किंवा लँथॅनम हेक्साबोराइडचा स्टँडर्ड तिथे असतोच, त्याचा स्कॅन मागून घ्या. वजाबाकीनंतर २५.३ च्या पीकची रुंदी ०.४ अंश उरली तर स्फटिकाचा आकार २० नॅनोमीटर येतो. नळीची भिंत १०-१५ नॅनोमीटरची असताना २० कसे, असा प्रश्न रिव्ह्यूअर हमखास विचारतो. स्फटिक भिंतीच्या जाडीत अडकलेला असला तरी नळीच्या लांबीच्या दिशेने वाढू शकतो, त्यामुळे त्यात विसंगती नाही. मात्र ग्रेझिंगच्या स्कॅनमध्ये मशिनमुळेच पीक पसरतं. तिथली रुंदी घेऊन आकार सांगू नका.

आता रामन, म्हणजे लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखायची चाचणी. खर्च कमी, वेळ दहा मिनिटं, आणि तुमच्यासारख्या पातळ थरासाठी याहून सोयीचं काही नाही. अनाटेझची ओळख १४४, १९७, ३९९, ५१५ आणि ६३९ सेंटिमीटर इन्व्हर्स. रुटाइल असेल तर ४४७ आणि ६१२ ला रुंद पट्टे. एकट्या १४४ वर समाधान मानू नका, कारण टायटॅनियम धातूचाही क्षीण पट्टा तिथेच १४० च्या आसपास असतो. ३९९, ५१५, ६३९ हे तिघे सोबत दिसले पाहिजेत. आणि न तापवलेला तुकडा आधी लावा, त्याच लेसर पॉवरवर. ॲनोडायझिंगमधून निघालेल्या नळ्या अमॉर्फस (स्फटिक न झालेल्या) असतात, पण लेसर जोरात असेल तर त्या डोळ्यांदेखत स्फटिक होतात आणि मग न तापवलेलाही अनाटेझ दाखवतो. फिल्टर लावून पॉवर कमी ठेवायला सांगा.

हे झालं की मग २.७५ कडे या. माझा सगळा जीव या एका आकड्यात अडकलाय, कारण याच आकड्यापायी मी चांगली चांगली मुलं फसलेली पाहिली आहेत.

तुम्ही डिफ्यूज रिफ्लेक्टन्स (विखरून परत येणारा प्रकाश) घेतलात, त्यावरून शोषण काढायला कुबेल्का-मुंक लावलं, टॉक प्लॉटवर रेषा ओढली. कुबेल्का-मुंकचं गणित जाड पावडरसाठी आहे, जिच्या आरपार प्रकाश जात नाही. तुमच्याकडे दीड मायक्रॉनचा थर आणि त्याखाली चमकणारा धातू. प्रकाश थरातून जातो, फॉइलवर आपटतो, परत येतो. धातू स्वतः थोडा शोषतो, आणि पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगासारखी थराच्या दोन पृष्ठांमध्ये लहरींची बेरीज-वजाबाकी चालते. रिफ्लेक्टन्सच्या आलेखात ४०० नॅनोमीटरच्या पुढे लाटा दिसत असतील तर त्या याच. अशा एका लाटेच्या उतारावर रेषा ओढली की ती २.७ ला भेटते, २.९ ला भेटते, तुम्ही कुठे ओढाल तिथे भेटते. २.७५ म्हणजे ४५१ नॅनोमीटर, ३.२ म्हणजे ३८७. तुमच्या आलेखात ३८७ जवळ एक तीव्र उतार आणि त्याच्या उजवीकडे एक लांब शेपूट, असं दिसतंय का ते आधी पाहा. तसं असेल तर शोषणाची कड जागच्या जागी आहे. शेपटाला गॅप म्हणू नये.

आणि शेपूट कशाचं? तुम्ही स्वतःच लिहिलंय: करडा-तपकिरी रंग, झाकण लावलेलं क्रूसिबल, पाण्याने धुतलेलं सॅम्पल. इथिलीन ग्लायकॉल त्या ७० नॅनोमीटरच्या नळ्यांत अडकून बसतं, वरवरच्या पाण्याने जात नाही. झाकणाखाली हवा कमी पडली की ते जळून जाण्याऐवजी कोळसा होतं. माझ्या मते तुमच्या सॅम्पलला कार्बनने रंग दिलाय. पेणकरांनी सुचवलेल्या व्हेकन्सी हवेत ४५० ला तापवलेल्या अनाटेझमध्ये इतक्या भरपूर राहत नाहीत. पण मी म्हणतो म्हणून मानू नका, तपासा. तोच तपकिरी तुकडा घ्या, दोन भाग करा. एक तसाच ठेवा. दुसरा झाकण न लावता, फर्नेसचं दार किंचित उघडं ठेवून किंवा पंपाने हवा सोडत, मिनिटाला दोन-तीन अंशांनी चढवत परत ४५० ला दोन तास ठेवा. रंग उडाला आणि शेपूट गेलं, तर प्रश्न मिटला. जोडीला नुसती फॉइल, ॲनोडायझिंग न करता, त्याच भट्टीत तापवून तिचाही रिफ्लेक्टन्स घ्या. थर सुटतोच आहे तर थोडा खरवडून बेरियम सल्फेटमध्ये मिसळा आणि पावडर म्हणून मोजा. टॉक प्लॉटसाठी अनाटेझला इनडायरेक्ट (हा बँडगॅपचा प्रकार) धरतात, म्हणजे घात अर्धा. तो प्लॉटवर स्पष्ट लिहा.

हे चार आलेख एका पानावर सरांपुढे ठेवा. कुठल्याही वादापेक्षा ते पान जास्त काम करेल.

मिऱ्याकडची:

भट्टीवाले काकांनी एवढं लिहिल्यावर मी दोन वेगळ्या गोष्टी जोडते. मी रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, म्हणजे हेच टायटॅनियम डायऑक्साइड, पण पोत्यांनी. (आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते त्यात इल्मेनाइट आहे, लोह आणि टायटॅनियमचं ऑक्साइड. लहानपणी चुंबक फिरवून खेळायचो, तेव्हा कुठे माहीत होतं.)

तुलनेसाठी दुकानातली पांढरी पावडर आणू नका, हे सांगायला आले. रंगात आम्हाला प्रकाशाने होणारी क्रिया नकोच असते, नाहीतर भिंतीवरचा रंग खडूसारखा हाताला लागायला लागतो. म्हणून पिगमेंट बहुतेक रुटाइल असतं, त्याचा अपवर्तनांकही जास्त, २.७ च्या आसपास. दाणा पाव मायक्रॉनचा आणि वर ॲल्युमिना-सिलिकाचं वेष्टण. त्याच्याशी तुमच्या नळ्यांची तुलना केलीत तर तुमच्या नळ्या जिंकणारच, पण त्याला अर्थ नाही. पी-२५ ही टायटॅनियम डायऑक्साइडची तयार पावडर मागवा. साधारण ८० टक्के अनाटेझ, बाकी बरंचसं रुटाइल, ग्रॅमला ५० चौरस मीटर पृष्ठफळ; जगभर त्याच्याशीच तुलना करतात.

दुसरं, फ्लोराइड. अमोनियम फ्लोराइडजवळ ॲसिड आलं की हायड्रोफ्लुओरिक ॲसिड तयार होतं. ते कातडीवर लागल्या लागल्या दुखेलच असं नाही, काही तासांनी आतून ठणकायला लागतं. लॅबमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आहे का ते आजच बघा, नसेल तर मागवल्याशिवाय पुढचा रन घेऊ नका. बीकर काचेचा नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. वापरलेला इलेक्ट्रोलाइट बेसिनमध्ये ओतू नका, कॅल्शियमच्या क्षाराने फ्लोराइड खाली बसवून मगच विल्हेवाट.

थर सुटण्याचा वैताग फार झाला तर पावडरच्या नळ्यांचाही रस्ता आहे. १९९८ मध्ये कासुगा आणि सहकाऱ्यांनी दाखवलेला: १० मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ११० अंश, २० तास, मग पाण्याने आणि सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुणं. ८ नॅनोमीटर जाडीच्या नळ्या मिळतात आणि पृष्ठफळ ग्रॅमला ४०० चौरस मीटरपर्यंत जातं. पण एक्सआरडीत १० अंशांजवळ पीक दिसलं तर ते अनाटेझ नाही, टायटॅनेट (थरांचं बनलेलं वेगळं संयुग) आहे, थरांमधल्या अंतराचं पीक. तापवून अनाटेझ करायला गेलात की नळ्या मोडून कांड्या होतात. म्हणून मला तरी तुमची फॉइलच बरी वाटते, इलेक्ट्रोड म्हणून सरळ तार जोडता येते.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांनी सांगितलेलं जमेल तसं करून मगच लिहायला आले, म्हणून उशीर झाला.

रामन आधी मिळालं. न तापवलेल्या तुकड्यात नुसते पसरट उंचवटे, तापवलेल्यात १४४ सोबत ३९९, ५१५, ६३९ तिन्ही. ४४७ ला काही नाही. ग्रेझिंग एक्सआरडीत एका अंशाला २५.३ आणि ४८ स्वच्छ, धातूची पीक्स जवळजवळ गेली. तीन अंशांवर धातू परत दिसतो, रुटाइल मात्र कुठल्याच कोनाला नाही.

तपकिरी तुकड्याचे दोन भाग केले. उघड्या हवेत पुन्हा तापवलेला भाग फिकट करडा-निळसर झाला, जुना शेजारी ठेवला की फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. रिफ्लेक्टन्समधलं शेपूट बरंचसं गेलं. लाटा मात्र दोन्हीत आहेत, आणि नुसत्या तापवलेल्या फॉइललाही निळसर झाक आणि स्वतःची लाट आहे, जी मी आजवर नळ्यांची समजत होते. खरवडलेली पावडर बेरियम सल्फेटमध्ये मोजली, ती ३.२ च्या किंचित खाली येते. सरांना एका पानावर चारही आलेख दिले. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग स्वतःच म्हणाले की गॅप कमी झाला हे वाक्य काढ. पेपर आता नळीची लांबी आणि रंगद्रव्याचं विघटन यांवर करू म्हणतात. मेथिलीन ब्ल्यू वापरायचं ठरतंय, दिवा एलईडीचा, निळा. पापुद्रा सुटणं अजून थांबलेलं नाही, विशेषतः लांबी वाढवली की.

पेणकर:

छान केलंत. शेपूट हवेत तापवून जातं हे पाहिल्यावर माझा एक्सपीएसचा सल्ला निदान या सॅम्पलला लागू नाही. तरी पुढे कधी एक्सपीएस केलंत तर फ्लोरिनचं पीक ६८४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास जरूर बघा, इलेक्ट्रोलाइटमधला फ्लोराइड तापवल्यावर किती उरला ते कळेल.

भट्टीवाला:

रानजाई, वाचून फार आनंद झाला. तुमच्या सरांचंही कौतुक, पान बघून लगेच वाक्य काढायला सांगणारा गाइड मिळणं चांगलं.

पापुद्र्याचं आधी. हेअर ड्रायर बंद करा. नळ्यांतलं पाणी झपाट्याने उडताना केशाकर्षणाचा ताण थराला खेचतो, आणि लांब नळ्यांत तो ताण जास्त. शिवाय नळ्यांचं बूड आणि धातू यांच्यामध्ये फ्लोराइडने भरलेला नाजूक पातळ थर असतो, तो पाण्यात लवकर विरघळतो. म्हणून ॲनोडायझिंग संपल्यावर फॉइल पाण्यात नव्हे, इथेनॉलमध्ये बुडवा, इथेनॉल दोन-तीनदा बदलून काही तास तशीच राहू द्या, मग झाकणाखाली सावकाश वाळू द्या. याने ग्लायकॉलही निघेल, म्हणजे कार्बनचा प्रश्न मुळातच कमी होईल. सोनिकेटर लावायचाच असेल तर काही सेकंद. आणि दर रनला करंट आणि वेळ यांची नोंद ठेवा. करंट आधी झपकन पडतो, मग किंचित चढतो, मग स्थिरावतो. तो चढ दिसला नाही तर नळ्या नीट सुरूच झाल्या नाहीत, सेमला पाठवायचे पैसे वाचतील.

सेमला पाठवाल तेव्हा फॉइल वाकवून तडा पाडून द्या, लांबी तड्यातूनच नीट मोजता येते. वरून दिसणाऱ्या तोंडांवर सोन्याचा लेप काही नॅनोमीटर चढलेला असतो, आतला व्यास तितका कमी दिसतो. लेपाची जाडी विचारून पेपरमध्ये लिहा.

मेथिलीन ब्ल्यूबद्दल मात्र थांबा. निळ्या एलईडीत तर आणखीच थांबा. तुमच्या नळ्या ३८७ नॅनोमीटरच्या पुढचं जवळजवळ काही शोषत नाहीत, हे तुम्हीच मोजलंय. निळ्या प्रकाशात त्या तशाच बसून राहतील. दृश्य प्रकाशात डाय फिका पडलाच तर प्रकाश डायनेच शोषलेला असतो. तो आपला इलेक्ट्रॉन ऑक्साइडला देऊन स्वतः तुटतो, आणि आपण समजतो कॅटॅलिस्टने काम केलं. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी घ्या, महाग नाही. मेथिलीन ब्ल्यूसाठी यूव्हीखाली मोजायची आयएसओ १०६७८ ही पद्धत ठरलेली आहे, ती पाळा. सोबत एक रंग नसलेला रेणू घ्या, फिनॉल किंवा सॅलिसिलिक ॲसिड. तुमच्या स्पेक्ट्रोमीटरवर दोन्ही मोजता येतात. प्रकाश लावण्याआधी अर्धा तास अंधारात ठेवून शोषण स्थिरावू द्या. फॉइल न घालता नुसत्या दिव्याखालचं विघटन मोजा, आणि फक्त तापवलेली, नळ्या नसलेली फॉइल घालूनही मोजा. ती निळसर झाकेची फॉइल तुमच्याकडे तयारच आहे, तीच वापरा.